हातानं तोडायचा ब्रेड

कशेळ्याच्या बाजारातून सफरचंदं आणली आणि व्हिडिओ बघून ती घालून हातानं तोडून खायचा गोड ब्रेड करायला घेतला. सासूबाई मदतीला आल्या, तर त्यांना ओट्यापाशी फिरकू दिलं नाही. इथल्या बायकांचं जग तांदळाच्या भाकरीपाशी संपतं, असं जावेला ऐकवलंही, जशी काही मी परदेशातच वाढले होते. मग वीस वर्षांच्या सवयीनं, भाकरीच्या उकडीला घालतात तसं उकळतं पाणी यीस्ट मिसळलेल्या मैद्यावर ओतलं. यीस्ट जागीच मेलं. मी मूर्खासारखी दुपारभर फडकं उचलून पीठ फुगलं का बघत राहिले. शेवटी भाजून निघाला तो दगड. सासूबाईंनी त्यावर बोटानं टकटक केलं आणि शांतपणे विचारलं, “हातानं तोडायचा हाय ना गं? का कोयता आनू?”