किचनच्या बाहेर

माझ्या मुलीच्या शाळेतल्या पीटीच्या बाई अर्नाळ्याच्या. बोलतात कमी, गरजतात जास्त. रविवारी सकाळी उमेळ्याच्या मैदानात त्या दोन खांबांना मासेमारीचं जुनं जाळं बांधतात, चुन्याच्या रेघा ओढतात आणि येईल त्या पोराला पिकलबॉल शिकवतात. हातात फळीसारखी बॅट, भोकाभोकांचा प्लास्टिकचा चेंडू आणि त्याची ती टकटक! मी नुसती सोडायला जाते आणि तिथेच खिळते.

जाळ्याजवळच्या पट्ट्याला या खेळात किचन म्हणतात. त्यात उभं राहून चेंडू हवेतल्या हवेत मारला की फाऊल. पोरं हमखास तिथेच घुसतात. मग बाई गरजतात, “किचनच्या भायेर! किती येला सांगू?”

परवा एक आई ऐन रंगात आलेल्या खेळात तणतणत शिरली. “पुरे झालं! घरी जेवण कोण करणार?” असं म्हणत तिने लेकीचा हात धरला.

बाई कधी वाद घालत नाहीत. त्यांनी आपली बॅट तिच्या हातात दिली. “येक पॉइंट खेला. मंग न्या पोरीला.”

आईने ओढणी कमरेला बांधली. समोर तिचीच लेक. टकटक, टकटक, चेंडू खाली पडेचना! आम्ही सगळे ओरडायला लागलो. आई जोशात पुढे धावली.

“किचनच्या भायेर, ताई!”

ती थबकली, मागे सरकली आणि तिथून असा फटका हाणला की लेक बघतच राहिली.

बाईंनी बॅटसाठी हात पुढे केला.

“थांबा हो,” ती धापा टाकत म्हणाली. “लग्नानंतर हे मला पहिल्यांदाच कोणी सांगितलंय.”