किल्ल्याचं दार उघडणारा

आई धंतोलीतल्या एका दवाखान्यात होती आणि माझी एम.ए.ची परीक्षा तोंडावर आली होती. खाटेशेजारी बसून मी युरोपातल्या एका राजघराण्याचा उदय वाचत होते.

"मले बी सांग," आई म्हणाली.

मी सांगितलं: त्या घराण्याचा मूळपुरुष साधूच्या वेषात समुद्रकाठच्या किल्ल्यावर गेला, त्यानं आसरा मागितला आणि दार उघडताच तलवार उपसली. पुढे त्याच घराण्यात भावानं भावाला मारून गादी घेतली.

"दार उघडणाऱ्याचं काय झालं वं?"

"मारलं त्याले."

"काहून? त्यानं तं साधू समजून आत घेतलं."

मी पुस्तकात पाहिलं, त्याचं नावही नव्हतं. आई भिंतीकडे तोंड करून रडली. त्याच आठवड्यात ती गेली.

मी परीक्षा दिली, सगळे राजे क्रमानं लिहिले आणि पास झाले. घरी सांगायला कोणी उरलं नव्हतं.