नकाशातली झोपडी

आमच्या नत्थुजीकाकाची गोष्ट सांगायची म्हणजे आधी नकाशा सांगावा लागतो. इंग्रजांच्या राज्यात मोजणीवाले मेळघाटात सिपना नदीच्या खोऱ्याचा नकाशा काढायला आले. काकाची बायको मैनाबाई नुकतीच वारली होती, घरात त्याला करमेना. अकोटाकडचा वांग्या-मिरचीचा मळा आमच्या बापाच्या हवाली करून तो मोजणीवाल्यांबरोबर गेला. काम काय, तर टेकडीवर निशाण धरून उभं राहायचं, खालून साहेब दुर्बिणीतून पाहणार. दिवस दिवस बोलायला माणूस नाही. निशाणाशीच भांडायचो, असं काकाच सांगायचा.

टेकडीखाली नदीच्या वळणावर त्यानं सागाच्या पानांची झोपडी घातली. काम संपलं तेव्हा साहेबानं कागदावर बोट ठेवलं, "नत्थू, ही तुझी झोपडी." केसासारख्या बारीक तपकिरी रेघांच्या गुंत्यात एक काळा ठिपका. मोजणीवाले गेले, काका राहिला. जंगलाच्या नाकेदारानं त्याला हाकललं नाही. त्यालाही बोलायला कोणीतरी हवंच होतं.

चार वर्षांनी जयवंताआत्या, काकाची थोरली बहीण, मला घेऊन त्याला आणायला निघाली. परतवाड्यापर्यंत मोटार, पुढं दोन दिवस बैलगाडी. आत्या झोपडीच्या दारातच बसली.

"चाल घरी. तुह्या वाट्याचा मळा हाये."

"नाई जमत, बाई."

"काहून? इथं कोन हाये तुहं? अस्वल?"

"ते बी येते कधीमधी." (अस्वलाची गोष्ट वेगळीच आहे, ती राहू द्या.) मग काका हळूच म्हणाला, "नकाशात इथं झोपडी दाखवली हाये. कोनी वाट चुकला तं कागद पाहून इथंच येईन. अन् इथं मानूसच नसला तं?"

"चार वर्सांत किती आले?"

काकानं बराच वेळ आठवून पाहिलं. "अजून नाई आला कोनी."

आत्या तीन दिवस राहिली. रागावली, रडली, भाकरी थापून घातल्या. निघताना काका गाडीमागं चालत आला. या वळणापर्यंत, त्या नाल्यापर्यंत, असं करत कोसभर आला. आत्याच्या तोंडावर आशा दिसायला लागली. तेवढ्यात तो थबकला.

"झोपडीत कोनीच नाई," म्हणाला, आणि झपाझप मागं वळला.

आत्या उतरून वाटेतच उभी राहिली; गाडीवाल्यानं तीनदा हाक मारली तेव्हा कुठं परत गाडीत चढली. मोटारीत बसल्यावर मला म्हणाली, "बापू, कोनी तरी चुकाले पाहिजे रे त्या जंगलात."