सुजाताच्या मशिनला लावलेली रॅम

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. एकदा शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बहिणीला सांगायला तोंड उघडलं होतं, आणि भलतंच काहीतरी बोलत बसले. आता तुम्हाला सांगतेय. का — ते मलाही नीट कळत नाही.

वाईट वाटतं का, असं विचाराल. खरं सांगू? आता तसं काही वाटत नाही. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल आपलाच असतो, पण हात लावला तर लागत नाही. तसं झालंय.

सुजाता माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. नायगावच्या बीडीडी चाळीत राहायची. तिचे वडील, आप्पा, गिरणी बंद पडेपर्यंत गिरणीत होते आणि जन्मभर भीमगीतं गात आले होते. त्यातली बरीचशी त्यांनी स्वतःच रचलेली. कागदावर त्यातलं काही नव्हतं. "गळ्यात आहे ना, मग लिहायचं कशाला?" म्हणायचे.

त्याच गळ्याला मग दुखणं लागलं. ऑपरेशन करावंच लागेल, आणि नंतर आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. सुजाताने ऑफिसातल्या कुणाकडून तरी रेकॉर्डर मागून आणला. आप्पांच्या गळ्याला झेपेल तसं, एकेक गाणं ती उतरवून घेणार होती. पण तिचा कॉम्प्युटर जुना. आवाजाची फाईल उघडली की अडकून बसायचा. तिने मला फोन केला. मलाच करणार ना. मी घरून डिझाइनची कामं करते, त्यामुळे ओळखीपाळखीत कुणाचंही मशिन बिघडलं की मला विचारतात. मला ते आवडतंही. आवडायचं.

"रॅम वाढवू, म्हणजे त्याची मेमरी," मी म्हटलं, "मलाही घ्यायचीच आहे."

आम्ही दोघी लॅमिंग्टन रोडला, कॉम्प्युटरच्या बाजारात गेलो. दुकानदार जास्त स्पीडची, चकाकत्या दिव्यांची रॅम गळ्यात मारायला बघत होता. मी त्याला गप्प केलं. मशिनच्या बोर्डाला झेपेल तेवढाच स्पीड घ्यायचा, रॅमच्या दोन्ही पट्ट्या, म्हणजे स्टिक, एकाच पाकिटातल्या घ्यायच्या, म्हणजे जोडी जुळते. सुजाता कौतुकाने ऐकत होती. आमची मशिनं एकाच सुमाराची, त्यामुळे दोघींसाठी सारख्याच दोन जोड्या घेतल्या. सगळ्या तपासून तुझी उद्या आणून बसवते, असं सांगून मी त्या घरी आणल्या.

आणि तपासल्या. हे मी आधी सांगायला हवं होतं का? मी तपासल्या होत्या — मला ठाऊक होतं. तीन स्टिक नीट निघाल्या. चौथी लावली तर टेस्टच्या स्क्रीनवर चुकांच्या लाल ओळी येत गेल्या. एकदा नाही, पुन्हा लावूनही तेच.

बदलून मिळाली असती. पण ती कंपनीकडे जाणार, तिकडून दुसरी कधी येणार, सांगता येत नव्हतं. माझं एक मोठं काम अर्ध्यावर होतं आणि माझं मशिन त्यात रडत होतं. ती स्टिक कुणाच्या पाकिटातली होती, ते तरी कुठे लक्षात राहिलं होतं? पाकिटं मी सगळी एकदमच फोडली होती. असं मनाशी म्हणत मी चांगली जोडी माझ्या मशिनला लावली. दुसऱ्या दिवशी नायगावला जाऊन उरलेली जोडी, एक चांगली आणि एक खराब स्टिक, सुजाताच्या मशिनला लावली. माझं काम संपलं की बदलून देऊ, असं ठरवलं होतं. तिला तोवर नुसती गाणी तर साठवायची आहेत. होऊन होऊन काय होणार?

मशिन चालू झालं. अडकेना. आप्पांनी मला चहा दिला, स्वतःच्या हाताने.

खराब रॅम दर वेळी मशिन बंद पाडतेच असं नाही. मशिन चालत राहतं आणि त्यातून जे जे पुढे जातं, त्यात कुठेतरी काहीतरी बिघडत जातं. दिसत नाही. सुजाता गाणं रेकॉर्ड करायची, कॉम्प्युटरवर उतरवायची आणि पुढच्या गाण्यासाठी रेकॉर्डरचं कार्ड रिकामं करायची. वेगळ्या डिस्कवर प्रतही ठेवायची. ती प्रतही त्याच मशिनमधून गेलेली.

माझं काम संपलं. त्याच्यामागे दुसरं आलं.

ऑपरेशन झालं. आप्पा घरी आल्यावर सुजाताने पहिल्यांदाच गाणी लावून बघितली, आणि मला फोन आला. मी गेले तेव्हा आप्पा पलंगावर बसले होते, गळ्याला पट्टी होती. गाणं सुरू व्हायचं, मग करकर, मग शांतता, मग भलतीकडूनच पुढची ओळ. काही फाईली तर उघडतच नव्हत्या. सुजाता म्हणत होती, "माझंच चुकलं गं. मी घाईघाईत कार्ड काढलं असेल."

मी काय म्हणाले, माहितेय? म्हटलं, "चाळीतल्या लाइटचं काही खरं नसतं. व्होल्टेजने झालं असेल."

तिच्या घरात उभी राहून. तिच्याच चाळीवर ढकललं मी ते. तिने मान हलवली. तिला पटलं. मी सांगत होते ना.

आप्पांनी तिला हाताने जवळ बोलावलं. डोक्यावर हात ठेवला. जाऊ दे, अशी खूण केली. मग माझ्याकडे पाहून हात जोडले — तू धावत आलीस म्हणून.

जरा साफ करून बघते, असं सांगून मी मशिन उघडलं. खराब स्टिक काढली, पर्समध्ये टाकली. तिच्या जागी बसवायला येतानाच मी दुसरी, चांगली स्टिक घेऊन आले होते. म्हणजे फोन आला तेव्हाच मला कळलं होतं. बसमध्ये बसण्याआधी मी दुकानात गेले होते.

आप्पा त्यानंतर बरेच दिवस होते. रागावले की टाळी वाजवायचे, हसले की नुसते खांदे हलायचे. मी जात राहिले. कितीदा आम्ही दोघंच खोलीत असायचो. त्यांना तरी सांगता आलं असतं. ते कुणाला बोलणार होते? — हेही माझ्या मनात आलं होतं. तरी नाही सांगितलं.

मग आप्पा गेले. त्यांच्या पुण्यानुमोदनाला चाळीतले सगळे पांढऱ्या कपड्यांत जमले. वंदना झाली. मग त्यांच्या जुन्या साथीदारांनी ढोलकी घेतली आणि आप्पांचं एक गाणं धरलं. पहिलं कडवं सगळ्यांना येत होतं. दुसरं ओढूनताणून झालं. तिसऱ्याला कुणालाच शब्द आठवेनात. ढोलकीवाला वाजवत राहिला, बाकीचे एकमेकांची तोंडं बघत राहिले, सुजाता डोळे मिटून ओठ हलवून बघत होती. नाही आलं. मग कुणीतरी दुसरं गाणं सुरू केलं.

मी पहिल्या रांगेत बसले होते. सुजाताने मला घरचं माणूस म्हणून तिथे बसवलं होतं.