लाइट आल्यावर केलेली कॉपी

मंडळी, दुपारपासून एका मृताच्या उशाशी बसून आहे. मृत म्हणजे भाची वैष्णवीचं ॲप. ती इथं नांदेडला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि उद्या सकाळी परीक्षकांना ते दाखवायचंय.

प्रोजेक्ट उघडला की सॉफ्टवेअर बंद पडायचं. तिनं ते दोनदा काढून पुन्हा टाकलं होतं.

"मामा, सॉफ्टवेअरच खराब हाय. तुमचं एखादं स्तोत्र म्हणून बघा."

"आधी नवा, रिकामा प्रोजेक्ट उघड, बाई."

तो लगेच उघडला. म्हणजे सॉफ्टवेअर निरोगी, व्याधी तिच्याच फायलींत. सॉफ्टवेअरनं स्वतः बनवलेल्या सेटिंगच्या फायली बाजूला काढल्या, तसा तिचाही प्रोजेक्ट उघडला. वैष्णवीनं टाळी वाजवली. पण तिनं लिहिलेल्या मुख्य फायलीत एकही अक्षर नव्हतं. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच गेलेली, तो नुसत्या विजेवर चालायचा, आणि सकाळी सेव्ह करतानाच लाइट गेली होती.

"घाबरू नका, तीन जागी कॉपी हाय माझी."

तिन्ही उघडल्या. तिन्ही रिकाम्या. लाइट आली की पुन्हा जायच्या आत कॉपी करून घ्यायची, ही आपल्याकडची सवय. सकाळी तिनं तेच केलं, फाइल न उघडताच ती तिन्ही जुन्या चांगल्या प्रतींवर चढवली.

"आता काय, मामा?"

मी शिकवतो त्या संस्कृतात शोकाला भरपूर शब्द आहेत. एकही कामाचा नव्हता.

ती आता पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहून राहिली. सकाळपर्यंत होणार नाही, हे दोघांनाही कळतंय.

जुनी प्रत पुसण्याआधी नवी उघडून बघणारं तुमच्यात कोणी आहे का?