उशिरा येणारं उत्तर

बाबा फौजेत वायरलेसवर होते. घरातही त्यांचं बोलणं त्याच शिस्तीचं: एकदाच विचारायचं, स्पष्ट विचारायचं आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहायचं. आईला याचा भारी वैताग. ती म्हणायची, हे विचारतात आणि खांबासारखे उभे राहतात, बाईमाणसानं हातातलं काम टाकून यांना आधी उत्तर द्यायचं.

आई गेल्यावर मी त्यांना साताऱ्याकडच्या गावाहून फरीदाबादला आणलं आणि वर्षाच्या आत त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय सावरले, जीभ मात्र जड राहिली. स्पीच थेरपिस्ट म्हणाली, "इनसे बुलवाते रहिए. जितना बोलेंगे, उतना खुलेगा." सुरुवातीच्या महिन्यांत जे परत येईल तेच खरं, असंही तिनं बजावलं. पण बोलायचं कुणाशी? मी दिवसभर गुडगावला ऑफिसात. सांभाळायला येणारी ताई हिंदी बोलणारी आणि बाबांना झटक्यानंतर हिंदी सुचेनाशीच झालेली.

मी एका सर्च कंपनीत काम करते. आमच्या ॲपला मराठीत बोलून प्रश्न विचारता येतो. तेच बाबांच्या फोनवर टाकून दिलं आणि कितीतरी दिवस स्वतःवर खूश होते. त्या आवाजाला बाबा 'बाई' म्हणायचे. "बाई, कारलं कडू लागू नये म्हणून काय करावं?" एवढं वाक्य पुरं करताना त्यांना घाम फुटायचा, पण ते करायचे. उत्तर आलं की मान डोलवून पुढचा प्रश्न जुळवायला घ्यायचे. संध्याकाळी सगळं ज्ञान माझ्यावर ओतायचे. कारल्याबद्दल मला इतकं कधीच जाणून घ्यायचं नव्हतं. पण शब्द सुटे होत होते आणि मला वाटायला लागलं होतं की बाबा मला परत मिळणार.

त्याच सुमारास आमच्या टीमनं एक प्रयोग लावला. काही लोकांना उत्तर मुद्दाम उशिरा द्यायचं आणि ते काय करतात ते बघायचं. आमच्या धंद्यात ही नेहमीची गोष्ट. ऑफिसची पद्धत अशी, की असलं काहीही आधी कर्मचाऱ्यांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या फोनवर चालवायचं. बाहेरच्यांना त्रास नको. घरच्यांना झाला तर चालतो.

बाबांचा फोन त्यात असणार, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. माझ्या लेखी 'यूजर' म्हणजे पडद्यावरची एक रेघ होती.

एकदा सुट्टीच्या दिवशी मी चहा घेऊन त्यांच्या खोलीत गेले. ते फोनला काहीतरी विचारून वाट बघत होते. मग तेच पुन्हा विचारलं, जास्त सावकाश, जास्त मोठ्यानं. फोन गप्पच. त्यांनी तो गादीवर ठेवला. उत्तर नंतर आलं, पण तोवर त्यांचं लक्ष उडालं होतं.

"काय झालं बाबा?"

"सेट... बिघडला," ते म्हणाले आणि स्वतःच्या गळ्याला हात लावला.

पलीकडून उत्तर आलं नाही, तर आधी आपला सेट तपासायचा, समोरच्याचा दोष नंतर काढायचा. वायरलेसवाल्यांचा हा नियम मी लहानपणापासून ऐकत आलेय. मी म्हटलं, "छे हो, नेटवर्क असेल. तुम्ही बिल्कुल स्पष्ट बोलता." त्यांनी मान हलवली. लेकीचं मन राखायला हलवतात तशी.

त्यानंतर त्यांनी फोनला विचारणं सोडलं. मग हळूहळू मलाही. पाणी हवं असलं की तांब्याकडे बोट. मी चिडले, लाडीगोडी लावली, मुद्दाम तांब्या लपवूनही पाहिला. ते तहानलेले बसून राहिले.

प्रयोग संपल्यावर मीटिंगमध्ये आलेख दाखवला गेला. उशीर झालेल्या लोकांनी प्रश्न विचारणं कमी केलं होतं. ते अपेक्षितच होतं. पण वेग पूर्ववत केल्यावरही ते पूर्वीइतके परत आले नव्हते. "इंटरेस्टिंग है यार," कुणीतरी म्हणालं. हे आधी कुणाच्या फोनवर चाललं होतं, ते मला त्या क्षणी आठवलं. तब्येतीचं कारण सांगून मी तडक घरी निघाले.

बाबा बाल्कनीत बसले होते. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. "तुमचा सेट चांगला होता, बाबा. पलीकडचेच मुद्दाम थांबत होते." ते ऐकत राहिले. त्यांचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. कपाळावर घाम आला. मी वाट बघत राहिले.

"तू?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं. "आमचीच टीम."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. रागावले असते तर बरं झालं असतं. मी मोठ्यानं रडले आणि ते थोपटत राहिले.

थेरपिस्ट अजून येते. बाबा तिच्याकडे बघून हसतात, जेवतात, माझी वाट बघतात. बोलत नाहीत. 'तू?' हा त्यांनी कुणालाही विचारलेला शेवटचा प्रश्न आणि त्याचं उत्तर मी त्यांना लगेच दिलं होतं.