सुलतान कुठल्या भाषेत बोलणार?

मी इतिहास शिकवते, म्हणजे रोज भांडणंच शिकवते. त्यामुळं शाळेत कुठं भांडण झालं की सगळे माझ्याकडं बघतात. सीमाभागात, मच्छे गावाजवळच्या आमच्या शाळेत मराठी आणि कन्नड असे दोन विभाग. स्नेहसंमेलनात शिक्षकांचं एक नाटक व्हायचं, पण गेली दोन वर्षं ते झालंच नव्हतं. वीर कुणाचा घ्यायचा, यावरच तालीम मोडायची. यंदा मी निवृत्त होणार होते. जायच्या आधी एक नाटक पडदा पडेपर्यंत बघायचंच, असा मी हट्ट धरला.

म्हणून मी थेट ग्रीसचा वीर आणला. दोनशे वर्षांपूर्वी तुर्की सुलतानाविरुद्ध देशाच्या स्वातंत्र्यासाठी लढलेला सेनापती. त्याचं नाव इतकं लांब की हजेरीपटात मावलं नसतं, म्हणून आम्ही नुसतं सेनापती म्हणायचो. ग्रीस ना कर्नाटकात, ना महाराष्ट्रात. आता कोण भांडणार? माझ्या अकलेचं मला फार कौतुक वाटलं.

"आमच्या नंदगडात वीराची समाधी हाय, बाई," कन्नडचे सर म्हणाले. "परदेशातनं मागवायचं काय कारण?"

पण डोंगरात वाढलेला माणूस, खिंडीत फौज अडवणारा, हे ऐकून ते पाघळले. मराठीच्या सरांनी तर खिंड म्हटल्यावर पुढचं ऐकलंच नाही. दोघंही सेनापती व्हायला तयार! चिठ्ठ्या टाकल्या, त्यात कन्नडचे सर निघाले.

सेनापतीनं अर्धं मराठी, अर्धं कन्नड बोलावं, असं हेडसरांनी मिटवलं. पण मग सुलतान कुठल्या भाषेत बोलणार? मराठीत बोलला तर मराठीचे सर उठून जाणार, कन्नडमध्ये बोलला तर कन्नडचे. दोन तालमी यातच गेल्या. शेवटी सुलतानाला इंग्रजी दिलं. वरचे हुकूम तसेही इंग्रजीतच येतात, त्यामुळं ते सगळ्यांना पटलं.

पोशाखासाठी मी खडेबाजारात भाड्यानं कपडे देणाऱ्याकडं गेले. त्याला मोबाइलवर चित्र दाखवलं. भरगच्च चुण्यांचा पांढरा घागरा आणि वर झुपकेदार मिशा.

"बाई, मिशा ह्या कपाटात हाईत आणि परकर त्या कपाटात," तो म्हणाला. "काय ते एक ठरवा."

मी दोन्ही कपाटं उघडायला लावली. दोन परकर जोडून घागरा झाला. कन्नडच्या सरांनी तो घालून आरशात पाहिलं आणि म्हणाले, "ह्ये घालून जिंकला म्हंजे लई शूर असणार."

शेवटचा प्रवेश मात्र मी लबाडीनं दडवून ठेवला होता. देश स्वतंत्र झाल्यावर सेनापतीला त्याच्याच सरकारनं राजद्रोही ठरवलं, तुरुंगात टाकलं, फाशी सुनावली. पुढं माफ केलं, तो भाग वेगळा. हेडसर म्हणाले, ते कापा. मी म्हटलं, मग नाटकच नको. म्हटलं खरं, पण अगदी रडकुंडीला आले होते. शिवाय निकाल वाचणाऱ्याचं काम कुणीच घेईना. अखेर मराठीचे सर पुढं झाले.

"आता बाईंचं शेवटचंच हाय, करू या," ते म्हणाले. ऐकून मला कसंसंच झालं, पण काम झालं.

नाटकाच्या दिवशी लोक परकराला पोट धरून हसले. सुलतानाच्या इंग्रजीला तर त्याहून जास्त. शेवटच्या प्रवेशात मराठीचे सर कागद घेऊन उभे राहिले आणि अडखळले. वीस वर्षं ज्याच्याशी वाद घातला तो माणूस समोर बेड्या घालून उभा. त्यांनी निकाल कसाबसा वाचला, आवाज फाटला होता. पडदा पडला, पुरता खाली आला. मी विंगेत तोंडाला पदर लावून आनंदानं रडले.

नंतर आत दोघं एकाच आरशासमोर तोंडाचा रंग पुसत होते. मराठीच्या सरांचा हात मध्येच थांबला.

"बाई, ही फाशी सुनावणारी माणसं कुठली भाषा बोलत हुती?"

"त्याचीच. ग्रीक."

"समदी एकाच भाषेची?"

"सगळी."

ते आरशातल्या कन्नडच्या सरांकडं बघत राहिले.

"मग भांडायला त्यास्नी विषय तरी काय हुता?"